सर्वच घडते, तर शक्यता कशाची?

वेधशाळा उद्याच्या पावसाची शक्यता वर्तविते, आयुर्विमा कंपनी मृत्युमानाच्या कोष्टकांवरून हप्ता ठरविते आणि अवघड शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना शंभरांतले किती रोगी बरे होतात ते सांगतात. या तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. पुढे अनेक गोष्टी घडू शकत असल्या तरी प्रत्यक्षात त्यांपैकी एकच घडेल, बाकीच्या घडणार नाहीत, ही ती गोष्ट. पाऊस पडेल किंवा पडणार नाही. रोगी वाचेल किंवा दगावेल. ‘शक्यता’ हा शब्दच मुळी या ‘किंवा’च्या आधारावर उभा आहे. हा ‘किंवा’ काढून तेथे ‘आणि’ घातला, तर त्या शब्दाचे काय व्हावे?

प्रश्न रिकामपणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पदार्थविज्ञानात नेमका हाच खटाटोप करणारा एक सिद्धान्त जवळजवळ सात दशके नांदत आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा ह्यू एव्हरेट नावाचा तरुण संशोधक १९५७ साली असे म्हणाला की, अणूंच्या जगात जे जे घडू शकते ते ते सर्वच घडते. मात्र ते एकमेकांना न दिसणाऱ्या निरनिराळ्या शाखांत घडते. पुढे या मताला ‘अनेकविश्ववाद’ असे नाव पडले. विश्वांची ही गर्दी पाहून बहुतेकांचे डोळे विस्फारतात आणि चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः या सिद्धान्ताची खरी परीक्षा विश्वांच्या संख्येत नाही, शक्यतेच्या हिशेबात आहे. सर्वच घडत असेल, तर ‘तीन चतुर्थांश शक्यता’ या शब्दांना काही अर्थ उरतो काय? आणि उरत नसेल, तर ज्या प्रयोगांच्या बळावर पुंजयामिकी खरी मानली गेली, त्या प्रयोगांचा तरी आधार उरतो काय?

या प्रश्नाचे मूळ शतकभर मागे जाते. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ साली सूक्ष्म कणांच्या वर्तनाचे तरंग-समीकरण मांडले. हा तरंग कशाचा, हे मात्र कोणालाच नीट सांगता येत नव्हते. त्याच वर्षी गटिंगेन येथील माक्स बोर्न यांनी उत्तर दिले: हा तरंग शक्यतेचा. कण कोठे सापडेल याचे उत्तर तरंग देत नाही; तो कोठे सापडण्याची संभाव्यता किती, एवढेच तो सांगतो. येथे एक गमतीची नोंद करावयास हवी. बोर्न यांच्या मूळ मजकुरात संभाव्यता तरंगाच्या उंचीवरून, म्हणजे परमप्रसरावरून थेट ठरविलेली होती. मुद्रिते तपासताना त्यांनी तळटीप जोडली की, अधिक विचार करता संभाव्यता परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाचा एक आधारस्तंभ असा तळटिपेतून उभा राहिला! या कार्यासाठी बोर्न यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५४ साली, अठ्ठावीस वर्षांनी.

नियम काय सांगतो ते एका साध्या प्रयोगाने समजते. पोलरॉइडची एक काच घेऊन तीतून प्रकाश जाऊ द्यावा आणि पुढे तशीच दुसरी काच ३० अंशांनी फिरवून धरावी. पहिलीतून आलेल्या प्रकाशापैकी तीन चतुर्थांश दुसरीतून पार होतो, एक चतुर्थांश अडतो. आता प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच प्रकाशकण यावा, तर काय होईल? कणाचे तुकडे होत नाहीत. तो अखंड पार होतो किंवा अखंड अडतो. एकेका कणाचे काय होणार हे कोणालाही सांगता येत नाही. परंतु हजारो कण मोजले की प्रमाण तीनास एक असे निघते. बोर्न यांचा नियम हेच सांगतो, आणि आजवर तो कोठेही चुकलेला नाही.

अडचण निराळीच आहे. श्रोडिंगर यांच्या समीकरणाप्रमाणे काचेवर आदळलेल्या कणाचा तरंग ‘पार’ आणि ‘अडला’ या दोन्ही अवस्थांत एकाच वेळी असतो. मग मोजमाप करताच त्यांतली एकच अवस्था का उरते? जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दोन निरनिराळ्या प्रक्रिया सांगून वाट काढली. कोणी पाहत नसताना तरंग समीकरणाप्रमाणे निमूटपणे पसरतो; मोजमाप होताच तो एकाएकी कोसळतो आणि एकच निष्पत्ती शिल्लक राहते. परंतु मोजमाप कशाला म्हणावयाचे? यंत्र अणूंचे, पाहणाऱ्याचा डोळा अणूंचा आणि मेंदूही अणूंचाच. या अणूंना एक नियम आणि त्या अणूंना दुसरा, हे कोणत्या न्यायाने?

एव्हरेट यांना हा प्रश्न प्रिन्स्टनच्या वसतिगृहात, १९५४ सालच्या एका रात्री, चार्ल्स मिस्नर आणि नील्स बोर यांचे साहाय्यक ओगे पेटरसन यांच्याबरोबर गप्पा मारताना सुचला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. शेरीचे दोन-चार पेले झाले होते, हेही त्यांनी लपविले नाही. त्यांचा तोडगा धाडसाचा, तरीही सरळ होता. दुसरी प्रक्रिया नाहीच असे धरावे. कोसळणे वगैरे काही नाही. समीकरण सर्वत्र आणि सर्वकाळ लागू. असे धरले की कणाच्या दोन अवस्थांशी यंत्राच्या दोन अवस्था आणि यंत्राशी पाहणाऱ्याच्या दोन अवस्था जोडल्या जातात. एका शाखेत पाहणारा ‘पार झाला’ अशी नोंद करतो, दुसऱ्या शाखेत तोच ‘अडला’ अशी. प्रत्येकाला आपली शाखा हेच सगळे जग वाटते. दुभंगल्याची जाणीव का होत नाही, असा आक्षेप ब्राइस डिविट यांनी घेतला, तेव्हा पृथ्वी फिरत असल्याची जाणीव तरी कोणाला होते, असे एव्हरेट यांनी उलट विचारले.

प्रबंधाचे मार्गदर्शक जॉन व्हीलर मात्र पेचात सापडले. शिष्याची हुशारी त्यांना दिसत होती, पण बोर यांच्याविषयी त्यांना अपार आदर होता आणि बोर यांना ही कल्पना पटणारी नव्हती. अखेर प्रबंधाला मोठी कात्री लागली आणि जुलै १९५७ मध्ये त्याचे आटोपशीर रूप प्रसिद्ध झाले. तोवर एव्हरेट विद्यापीठ सोडून पेंटॅगॉनच्या शस्त्रास्त्र-मूल्यमापन गटात दाखलही झाले होते. १९५९ साली त्यांनी कोपनहेगनला जाऊन बोर यांची भेट घेतली. तीतून काहीच निष्पन्न झाले नाही. डिविट यांनी १९७० मध्ये सर्वसाधारण भौतिकशास्त्रज्ञांच्या मासिकात लेख लिहून हा विचार उजेडात आणला आणि १९७३ मध्ये मूळ दीर्घ प्रबंध छापला गेला, तेव्हा कोठे त्याची चर्चा सुरू झाली.

या मताभोवती गैरसमजांचे रान माजले आहे, ते थोडे साफ केलेले बरे. माणसाने चहा घ्यावा की कॉफी हे ठरविले की विश्व दुभंगते, असे एव्हरेट यांनी कधीही म्हटलेले नाही. शाखा फुटतात त्या सूक्ष्म पातळीवरील पर्याय मोठ्या वस्तूंपर्यंत पोचतात तेव्हा. मानवी इच्छेशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येक वेळी नवे द्रव्य निर्माण होते, असेही नाही. तरंग एकच असतो. त्याचे भाग एकमेकांशी असंबद्ध होतात, इतकेच. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ या थाटाच्या प्रत्येक जर-तरला या सिद्धान्तात घर मिळते, ही समजूतही खरी नव्हे. निसर्गनियमांत न बसणारे कोणत्याच शाखेत घडत नाही. मराठी वाचकाला पर्यायी जगांची ओळख आहे ती बहुधा जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे. तीत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो, की जेथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि पानिपतावर मराठे जिंकले. कथेला असे एक निराळे जग पुरते. पदार्थविज्ञानाला मात्र त्या जगाचे वजन किती, हेही सांगावे लागते आणि खरा पेच तेथूनच सुरू होतो.

पुन्हा त्या पोलरॉइडकडे वळावे. एका कणाला शाखा दोन: पार आणि अडला. शाखा मोजूनच शक्यता काढावयाची, तर ती निम्मी-निम्मी निघते. तीनास एक नव्हे. काच ३० अंशांऐवजी ८० अंशांनी फिरवली तरी शाखा दोनच आणि उत्तर तेच. हे प्रयोगाशी साफ विसंगत आहे. दहा कण एकामागून एक सोडले की विसंगती आणखी ठसठशीत होते. शाखा होतात १०२४. यांपैकी ज्यांत बरोबर पाच कण पार झाले अशा शाखा २५२, सात किंवा आठ पार झालेल्या मिळून १६५ आणि दहाही पार झालेली शाखा अवघी एक. शाखांचे बहुमत घेतले तर बहुतेक निरीक्षकांना साधारण निम्मे कण पार झालेले दिसावयास हवेत. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत सरासरी साडेसात दिसतात.

बोर्न यांचा नियम लावून प्रत्येक शाखेला तिच्या परमप्रसराच्या वर्गाइतके वजन दिले की चित्र पालटते. सात-आठवाल्या त्या १६५ शाखांचे एकत्र वजन शंभरांत ५३ भरते. पाच-पाचवाल्या २५२ शाखा मिळून सहा टक्केही भरत नाहीत. आणि दहाही कण पार झालेली ती एकटी शाखा ५.६ टक्के, म्हणजे जवळपास त्या २५२ शाखांच्या बरोबरीने! उलट, दहाही कण अडलेली शाखा दहा लाखांत एक या वजनाची. हिशेब असा चोख जुळतो. पण जुळतो तो वजन लावल्यावर. शाखा तर सगळ्याच खऱ्या. मग एकीला मण आणि दुसरीला गुंज, हे कोणी ठरविले?

एव्हरेट यांना ही अडचण पूर्णपणे दिसत होती आणि त्यांनी तिला दिलेले उत्तर आजही सुंदर वाटते. खतावणीत मुख्य खात्याखाली पोटखाती उघडली तरी पोटखात्यांची बेरीज मुख्य खात्याशी जुळली पाहिजे. तसेच शाखेला पोटशाखा फुटल्या तर त्यांच्या वजनांची बेरीज मूळ शाखेच्या वजनाइतकी राहिली पाहिजे. ही एक अट घातली की परमप्रसरावर अवलंबून असणारे एकच वजन संभवते आणि ते म्हणजे परमप्रसराचा वर्ग. यामागील मर्म शाळेतील भूमितीचेच आहे. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या लांबींची बेरीज कर्णाइतकी होत नाही, वर्गांची होते. निरनिराळ्या शाखा गणिताच्या भाषेत एकमेकींशी काटकोनात असतात. म्हणून जुळतो तो वर्गांचाच हिशेब. बोर्न यांच्या तळटिपेतील ‘वर्ग’ अशा रीतीने पायथागोरसच्या सिद्धान्तातून बाहेर पडतो.

परंतु खतावणी जुळली म्हणजे तीतल्या आकड्यांचा अर्थ कळला, असे होत नाही. हे वजन म्हणजे ‘शक्यता’, हे कशावरून? हलक्या शाखेतील माणूस काही फिकट नसतो. त्याची दाढ तितकीच ठणकते, त्याच्या वहीतील नोंदी तितक्याच ठळक असतात. डिविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, प्रयोग अनंत वेळा केले तर चुकीचे प्रमाण दिसणाऱ्या सर्व शाखांचे एकत्र वजन शून्य होते. पण अनंत प्रयोग कोणी करीत नाही. आणि प्रयोग मर्यादित असताना वजन कमी म्हणून ती शाखा विचारात घेऊ नये असे म्हणणे, म्हणजे वजन हीच शक्यता असे आधीच मान्य करणे होय. जे सिद्ध करावयाचे तेच आधाराला घेतल्याचा हा प्रकार झाला. येथे टीकाकारांचा आक्षेप निर्विवाद बिनतोड आहे.

पुढे शाखा मोजण्याची कल्पना आणखी एका कारणाने मागे पडली. १९७० साली डीटर त्से यांनी आणि त्यांच्यानंतर इतरांनी दाखवून दिले की, यंत्रावर सतत आदळणारे हवेचे रेणू आणि प्रकाशकण यांच्यामुळे तरंगाचे भाग विलक्षण वेगाने परस्परांपासून तुटतात. शाखा ‘फुटतात’ त्या अशा. पण ही तुटण्याची क्रिया सलग असते; अमुक क्षणी अमुक इतक्या शाखा झाल्या, असे नेमके म्हणताच येत नाही. आकाशात ढग आहेत हे खरे, पण किती आहेत या प्रश्नाला उत्तर नसते, तसेच हे. म्हणजे शाखांची मोजदाद केवळ चुकीचे उत्तर देते असे नव्हे, ती मुळात करताच येत नाही.

कोंडी फोडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न आला ऑक्सफर्डहून. १९७७ मध्ये एव्हरेट टेक्सस विद्यापीठात भाषणासाठी आले असता डेव्हिड डॉइच हे तरुण संशोधक त्यांना भेटले होते. त्याच डॉइच यांनी १९९९ साली प्रश्नाची बाजूच बदलली. शक्यता म्हणजे काय, हे विचारूच नये. सर्व शाखा खऱ्या आहेत हे ठाऊक असलेल्या विवेकी माणसाने पैज कशी लावावी, एवढेच विचारावे. समान परमप्रसराच्या दोन शाखा आहेत. एकीत शंभर रुपये मिळतात, दुसरीत काहीच नाही. बक्षिसांची अदलाबदल केली तर परिस्थितीत कोणताही भौतिक फरक पडत नाही. मग विवेकी माणसाने दोन्ही शाखांना सारखीच किंमत दिली पाहिजे. आता तीनास एकचे उदाहरण. कण पार झालेल्या शाखेत आणखी एक यंत्र ठेवावे, जे तिचे तीन सारखे फाटे करील. आता चार शाखा झाल्या, प्रत्येकीचे वजन पाव. त्यांपैकी तीन ‘पार’च्या बाजूला आणि एक ‘अडला’च्या. चौघी समान, म्हणून पैज तीनास एक. बोर्न यांचा नियम पुन्हा हजर, आणि या वेळी शक्यतेचे नावही न घेता!

डेव्हिड वॉलेस यांनी पुढे या युक्तिवादाची काटेकोर बांधणी केली. २०१२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यात इतिहासाचा एक योगायोग आहे. तरंगाचे कोसळणे पुस्तकात बसविणारे फॉन नॉयमन यांनीच ओस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली विवेकी निर्णयाचे गणित रचले होते. आणि ते कोसळणे नाकारणारा पक्ष आता त्याच गणिताच्या आश्रयाला आला. एव्हरेट यांनी स्वतः याच क्षेत्रात पाय रोवले होते. खेळांच्या गणितावरील त्यांचा लेख १९५७ सालचाच आहे, आणि पेंटॅगॉनमध्ये असताना मोठ्या अण्वस्त्र-हल्ल्यानंतर किरणोत्सर्गी धूळ कोठे पसरेल आणि तिचे परिणाम काय होतील, याचा हिशेब त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९५९ मध्ये प्रसिद्ध केला होता. सर्वच घडते असे मानणाऱ्या माणसाने आयुष्य काढले ते काय घडू नये याचे नियोजन करण्यात.

डॉइच-वॉलेस युक्तिवाद पक्का आहे काय? एड्रियन केंट यांच्यासारखे टीकाकार तसे मानीत नाहीत. नाजूक जागा आहे ती तीन फाटे करण्याची. शाखेला नुसत्या पोटशाखा फुटल्याने विवेकी माणसाच्या दृष्टीने काही बदलत नाही, असे तेथे गृहीत धरले आहे. का बदलू नये? एकाच्या जागी तीन माणसे शंभर रुपये घेऊन उभी राहत असतील, तर एखाद्याने त्यांचा आनंद तिप्पट धरला म्हणून त्याला अविवेकी कसे म्हणावे? डेव्हिड अल्बर्ट यांनी याच मुद्द्यावर एक मिस्कील उदाहरण रचले. ज्या शाखेत आपण लठ्ठ झालो असू त्या शाखेला कोणी अधिक किंमत देऊ लागला तर? लठ्ठ माणूस म्हणजे आपलाच अधिक भाग, असे तो म्हणतो. त्याची आवड विचित्र खरी. पण ती तर्काच्या विरुद्ध आहे, हे सिद्ध करता येते काय? वॉलेस म्हणतात, येते. कारण असा माणूस आपल्या निर्णयांत काळानुसार सुसंगती राखू शकणार नाही. वाद मिटलेला नाही. तटस्थपणे पाहता असे म्हणावे लागेल की, शाखांना काही वजन देऊन वागावयाचेच असेल तर ते परमप्रसराचा वर्ग हेच असावे, इतके ऑक्सफर्डकरांनी बऱ्यापैकी दाखविले आहे. वजन देऊनच का वागावे, हे दाखविणे त्यांना तितकेसे साधलेले नाही.

शिवाय वागणे आणि मानणे यांत अंतर आहे. पैज कशी लावावी हे कळले तरी सिद्धान्त खरा मानावा की नाही, ते कसे ठरवावयाचे? तीन चतुर्थांश कण पार होतात हे पाहून पुंजयामिकीवर विश्वास बसला. पण अनेकविश्ववाद खरा असेल तर दहाही कण अडलेले पाहणारा निरीक्षकही कोठेतरी आहे; तो हातातील वही पाहून पुंजयामिकी खोटी ठरवील, आणि त्याचा तर्क आपल्या परीने निर्दोष असेल. सर्व नोंदी कोठे ना कोठे होतातच, तर अमुक नोंद सिद्धान्ताच्या बाजूचा पुरावा कशी? स्वतःच्याच पुराव्याची फांदी तोडणारा सिद्धान्त कितीही सुंदर असला तरी विज्ञानाच्या कामाचा नाही. विश्वांची संख्या जास्त होते या नेहमीच्या तक्रारीपेक्षा ही तक्रार कितीतरी गंभीर आहे.

यावर लेव्ह वैडमन यांनी १९९८ मध्ये सुचविलेला उपाय ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रयोगापूर्वी निरीक्षकाने झोपेची गोळी घ्यावी. कण पार झाला तर त्याला झोपेतच एका खोलीत न्यावे, अडला तर तशाच दुसऱ्या खोलीत. जाग आल्यावर, डोळे उघडण्याआधी, ‘मी कोणत्या खोलीत आहे’ हा त्याचा प्रश्न अगदी खरा प्रश्न आहे. विश्वात काय घडले ते सारे त्याला ठाऊक आहे, आपण त्यात कोठे आहोत तेवढे ठाऊक नाही. अनोळखी गावात रात्री गाडीत जाग यावी, हाती संपूर्ण वेळापत्रक असावे, आणि बाहेरचे स्थानक कोणते ते मात्र कळू नये, तशी ही स्थिती. ‘किंवा’ येथे परत येतो. तो विश्वाविषयी नसून स्वतःच्या ठिकाणाविषयी आहे, इतकेच. आणि अशा अज्ञानाला संभाव्यता लावता येत असेल, तर पुराव्याचा हिशेबही मांडता येईल. वजनाप्रमाणे मी जड शाखेत असण्याची अपेक्षा धरतो. तेथे जे दिसावयास हवे ते दिसले, म्हणून सिद्धान्ताला बळ मिळाले. अपेक्षा वजनाप्रमाणेच का धरावी, हा जुना प्रश्न येथेही उरतो, हे उघड आहे. तरी फांदी निदान तुटत नाही.

या उणिवेबद्दल अनेकविश्ववाद्यांना दोष देताना एक गोष्ट विसरली जाते. नेहमीच्या, एकाच विश्वातल्या शक्यतेची स्थिती तरी कोठे चांगली आहे? नाणे शंभरदा उडवून शंभरदा छापा पडणे अशक्य नाही. तसे होणार नाही असे मानून चालावे, ते का? तर त्याची शक्यता अत्यल्प म्हणून. म्हणजे शक्यतेचा अर्थ सांगताना पुन्हा शक्यताच! तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९८० साली, निसर्गातील संभाव्यतेशी माणसाने आपल्या विश्वासाचे प्रमाण जुळवून घ्यावे, असे एक तत्त्व मांडले. त्यांनी ते कशातून सिद्ध केले नाही, आधार म्हणून पुढे ठेवले. विमा कंपन्या, वेधशाळा आणि प्रयोगशाळा या उधारीवर सुखेनैव चालल्या आहेत. एव्हरेटपंथीयांकडून रोख मागावयाचे असेल, तर इतरांच्या खात्याकडेही पाहावयास हवे.

या चर्चेचा रोजच्या जगण्याशी संबंध नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. कोणत्या ना कोणत्या शाखेत माणूस वाचणारच, तेव्हा मृत्यू कधी अनुभवास येणारच नाही, असा एक निष्कर्ष काही लोक मोठ्या हौसेने काढतात. बुडत्याला काडीचा आधार, तो हा! वजनाचा विचार केला की तो टिकत नाही. वाचलेल्या शाखांचे वजन उत्तरोत्तर क्षीण होत जाते, आणि भरघोस वजनाच्या शाखांत मागे राहिलेली माणसे खरोखर शोक करीत असतात. डॉइच-वॉलेस यांचे गणित मानले तरी हेल्मेट, लस आणि विमा यांची गरज कणभरही कमी होत नाही. उलट एका बाबतीत हा सिद्धान्त अधिक कठोर आहे. मद्य पिऊन गाडी हाकणारा सुखरूप घरी पोचला की ‘काही झाले नाही ना’ म्हणून सुटतो. अपघाताची शक्यता अणुपातळीवरील अनिश्चिततेतून येत असेल तेवढ्यापुरते तरी त्याला असे म्हणता येणार नाही. जो चिरडला गेला असता, तो दुसऱ्या एका शाखेत चिरडला गेलेला असतो. ज्याला आजवर सुदैव म्हटले ते येथे केवळ नजरेआड गेलेले दुर्दैव ठरते.

एव्हरेट १९८२ साली, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, हृदयविकाराने वारले. त्यांच्या प्रबंधाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने २००७ मध्ये ऑक्सफर्ड येथे परिषद भरली, तीत बहुतांश वाद शक्यतेवरच झाला. आज हा पक्ष अल्पमतात असला तरी उपेक्षित राहिलेला नाही. तो खोटा ठरण्याचा मार्गही मोकळा आहे. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत तरंग खरोखरच आपोआप कोसळतो, असे मानणारे प्रतिस्पर्धी सिद्धान्त १९८६ पासून पुढे आले आहेत, आणि ते तपासता येतात. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंनाही दोन वाटांनी एकाच वेळी नेऊन दाखविले. तरंग कोसळल्याचे चिन्ह तेथवर दिसले नाही. याहून मोठ्या वस्तूंवर प्रयोग चालू आहेत. कोठेतरी कोसळणे सापडले, तर एव्हरेट यांच्या शाखा एका दिवसात वाळून जातील आणि शक्यतेला तिचा जुना ‘किंवा’ परत मिळेल. न सापडल्यास शाखा राहतील. त्यांच्या वजनाचा अर्थ मात्र कोणत्याही यंत्राच्या काट्यावर वाचता येणार नाही.